गुणगुण, मुंग्या आणि तिसरी पिन

साताऱ्यात माझा १५ वॉटचा गिटार ॲम्प अगदी शहाण्या मुलासारखा वागतो. तोच ॲम्प, तीच गिटार, तीच केबल घेऊन मी सांगलीला मावशीकडे गेलो, तर चालू केल्याक्षणी भुंग्यासारखी गुणगुण! मावसभावाच्या बँडमधल्या पोरांनी लगेच निदान केलं. एक म्हणाला पिकअप बदल, दुसरा म्हणाला नॉइज गेट घे, तिसरा म्हणाला टू-पिनचा ॲडॉप्टर लाव, अर्थिंगमुळेच आवाज येतो.

नॉइज गेटचं मला हसू येतं. तुम्ही वाजवायचं थांबलात की तो दार लावून घेतो. वाजवायला लागलात की गुणगुण सुरांच्या मागून आत येतेच. आमच्या ऑफिसात एरर दिसू नये म्हणून लॉगच बंद करणारे महाभाग आहेत, त्यातलाच प्रकार. आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजायचे!

मी आपला एकेक गोष्ट वगळत गेलो. केबल काढली तर ॲम्प बराच शांत, म्हणजे दोष आत कमी, बाहेरून जास्त येतोय. गिटार धरून गोल फिरलो तर आवाज कमी-जास्त. सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइटच्या चोकशी असंच बोलतो. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला तर वरची खरखर गेली, खालची गुणगुण तशीच. (अमेरिकन लेखांत ६० आणि १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपली वीज ५० ची, त्यामुळे आपला भुंगा ५० आणि १०० वर, म्हणजे पाश्चात्त्य 'जी'च्या किंचित वर गातो.)

मग मूर्खपणा केला. तो ॲडॉप्टर लावून बघितला. फरक शून्य. आणि तिथेच ट्यूब पेटली. तिसऱ्या पिनमागे तार असती तर काहीतरी फरक पडायला हवा होता ना? शिवाय तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येत होत्या, त्याकडे मी चक्क दुर्लक्ष केलं होतं. मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, फेज-अर्थ ९० च्या आसपास हलतंय. म्हणजे वरचं भोक नुसतं शोभेला.

कारण घरातच होतं. २०१९ च्या महापुरानंतर मावशीकडे सगळी बोर्डं वर घेतली, नवीन वायरिंग झालं आणि ज्याने केलं त्याने दोनच तारा ओढल्या. गंमत म्हणजे कृष्णाकाठची काळी माती ओल धरते, अर्थिंगला ती साताऱ्याच्या मुरमापेक्षा कितीतरी चांगली. परसात कोळसा-मिठाचा जुना खड्डाही होता, फक्त त्याच्यापर्यंत जाणारी तारच नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. पिन काढायचा सल्ला देणाऱ्याला स्टेजजवळ फिरकू देऊ नये. १९७२ मध्ये स्वान्सीत 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थचा वेढा होऊन गुणगुण येते हे खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणजे दोन्ही एकाच बोर्डावर लावा, किंवा सिग्नलच्या बाजूने ट्रान्सफॉर्मर घालून वेगळे करा. विजेच्या बाजूला हात लावू नका!

पलीकडे मिरजेत लोक जवारीवर तारेखाली सूत सरकवत तंबोऱ्याला हवी तेवढीच गुंजन आणतात, त्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. आणि इकडे आम्ही फुकटच्या गुंजनाने हैराण. असो.

वायरमन बोलावला, हिरवी तार ओढली, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवला. आता फेज-अर्थ २२६. मुंग्या गेल्या, गुणगुण बरीचशी गेली. उरलेली चोकची, तिच्याकडे पाठ करून बसतो.

मावशीला सांगायला गेलो तर म्हणाली, "अरे, म्हणजे फ्रीजला पण त्यामुळेच झिणझिण्या यायच्या का? मी तर महापुरापासून चपला घालूनच उघडते." परवा फोन केला तेव्हा विचारलं. अजून घालतेच म्हणे.