आर्चीचा ट्रॅक्टर कुणाचा?

२९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ लागला आणि माझी स्कूटी गेली.

म्हणजे ती आलीच नव्हती, फक्त कबूल झाली होती. दहावीची परीक्षा संपली होती. वसमतच्या मोंढ्यावर हळद विकली गेली की कॉलेजला जायला सेकंडहँड स्कूटी घेऊन देतो, असं अण्णा म्हणाले होते. तेवढ्यात काका पिक्चर बघून आले आणि रात्री ताटावर बसून म्हणाले, “पोरीच्या हातात गाडी दिली की तिची आर्ची होते.” अण्णांनी मान डोलवली. पुढची दोन वर्षं मी एसटीनं गेले. त्याच काकांचा पोरगा त्या उन्हाळ्यात प्रत्येक वरातीत ‘झिंगाट’वर नाचला आणि मोटारसायकलच्या मागं ‘परश्या’ लिहून फिरला. त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात अजूनही हे दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो, सैराटनं पोरी बिघडवल्या. दुसरा त्यातली गाणी स्टेटसला ठेवतो. माझं म्हणणं असं की दोघांनीही अर्धाच सिनेमा बघितलाय.

परश्याला आर्चीत नेमकं काय आवडलं? ती बुलेटवर कॉलेजला येते, ट्रॅक्टर हाकत शेतात येते, कुणासमोर नजर खाली घालत नाही. आर्थर आणि इलेन अ‍ॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. माणसाला आपलं जग मोठं करायचं असतं आणि ज्याच्या सोबतीनं ते मोठं होईल असं वाटतं, त्याच्याकडे तो ओढला जातो. आर्चीचंही तेच. ट्रॅक्टर, बुलेट, जमीन सगळं तिच्याभोवती आहे, पण तिचं काहीच नाही. सगळं तात्यांचं. परश्या ही तिनं स्वतः निवडलेली पहिली गोष्ट.

हे मला पुस्तकातून नाही, वसमतच्या बसस्टँडवर कळलं. बारावीत मला एक मुलगा आवडायचा. आमचं बोलणं फारसं झालंच नाही. तो मोटारसायकलला किक मारून निघून जायचा आणि मी एसटीची वाट बघत उभी राहायचे. पुढं नांदेडला शिकायला गेले, मैत्रिणीच्या स्कूटीवर गाडी शिकले आणि महिन्याभरात त्याचा चेहराही आठवेना. मला तो आवडत नव्हता, त्याचं जाणं आवडत होतं.

काका, म्हणून सांगते. घर-कॉलेज-घर एवढंच जग असलेल्या पोरीला पहिला भेटलेला पोरगाच दार वाटतो. बाकीची सगळी दारं तुम्हीच लावून घेतलेली असतात.

आता परश्या लिहून फिरणाऱ्यांसाठी. तुम्ही हैदराबादचा भाग बघितलाच नाही. आर्ची तिथं बाटल्यांच्या कारखान्यात लागते, तेलुगू शिकते, पहिल्यांदा स्वतःचा पैसा कमावते. आणि जिच्या बिनधास्तपणावर परश्या भाळला होता, त्याच बिनधास्तपणाचा त्याला संशय येऊ लागतो. तो तिच्यावर हात उचलतो. डायान फेल्मली या संशोधिकेनं १९९५मध्ये हेच दाखवलं होतं: जो गुण सुरुवातीला ओढून घेतो, तोच पुढं अनेकदा खुपायला लागतो. मला मुलगी बोल्ड हवी म्हणणारा आणि लग्नानंतर तिचा फोन तपासणारा मुलगा तुमच्याही ग्रुपमध्ये आहे. ती थप्पड कुणी स्टेटसला ठेवलेली मी अजून पाहिली नाही.

आणि शेवट. लोक म्हणतात, पळून गेलं की असं होतं. पण त्या घरात शिरलं कोण होतं? आईनं दिलेल्या भेटी घेऊन आलेला सख्खा भाऊ. नागराज मंजुळेंनी तो शेवट प्रेम करणाऱ्यांना धाक घालायला केलाय, असं मला वाटत नाही. मारणारे घरातले होते, आणि कारण जात होतं. काकांना भीती स्कूटीची नव्हतीच, स्कूटीवरून पोरगी कुणाच्या वस्तीकडे वळेल याची होती. हे सरळ बोलायची हिंमत नाही, म्हणून सिनेमाला शिव्या.

पोरींनी विचार करून जोडीदार निवडावा असं खरंच वाटतं ना? मग आधी त्यांना दुसरं काहीतरी निवडू द्या. कॉलेज, नोकरी, गाडी, चुकीची का होईना एखादी वाट. ज्या पोरीकडे स्वतःचं स्वप्न आहे, तिला कुणाच्या तरी मागं बसून स्वप्नापर्यंत जावं लागत नाही. आणि तरीही ती प्रेमात पडली, दुसऱ्या जातीतल्याच्या पडली, तर तो तिचा निर्णय असेल, तिची सुटका नाही.

गेल्या वर्षी पगारातून मी जुनी स्कूटी घेतली. काकांची धाकटी यंदा अकरावीला आहे. दिवाळीत गावी आले की मळ्याच्या वाटेवर तिला शिकवणार आहे. काकांना विचारलेलं नाही. इथं सांगितलं, तेवढं पुरे.