शाळेच्या कपाटातल्या सीडी-डीव्हीडी वेळीच उतरवून घ्या



मागच्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत आला. म्हणाला, "सर, २०१० च्या गॅदरिंगची डीव्हीडी आहे का हो? त्यात माझे वडील पावरी वाजवतात. ते आता नाहीत. घरी फोटो आहे, पण त्यांची पावरी पुन्हा ऐकायची आहे."

कपाट उघडलं. वीस-बावीस डिस्क निघाल्या. पण लॅबमधल्या नव्या संगणकांना डिस्क घालायला ड्राइव्हच नाही! एका सहकाऱ्याचा जुना संगणक आणला. डिस्क बारा मिनिटं चालली आणि अडकली. पावरी पुढच्या भागात होती. शेवटी कनाशीकडच्या एका पालकांच्या घरी दुसरी प्रत निघाली, म्हणून लाज राखली गेली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: डिस्क कपाटात ठेवली म्हणजे आठवण जपली, असं होत नाही.

बाजारात मिळणारी सिनेमाची डिस्क साच्यातून छापलेली असते. आपण राइट केलेल्या डिस्कमध्ये मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझर त्या थरावर खुणा उमटवतो. ऊन, उष्णता आणि ओल यांनी हा थर खराब होत जातो. आपल्या कळवण तालुक्यात कितीतरी वर्गांवर पत्रे आहेत. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखालचं कपाट किती तापतं, हे वेगळं सांगायला नको.

रूपांतराबद्दलही गैरसमज आहेत. माझाही होता. पूर्वी मी मोबाईलमधली एमपी-४ फाइल तशीच डिस्कवर टाकून पालकांना दिली. संगणकावर चालली, पण घरच्या प्लेअरवर चालेना. मग फाइलच्या नावाचं शेपूट बदलून पाहिलं. काय उपयोग? डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या डाळीचे तांदूळ होत नाहीत. साध्या डीव्हीडी प्लेअरला एमपीईजी-२ प्रकारचा, ७२० × ५७६ मापाचा व्हिडिओ ठरावीक मांडणीत लागतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर तो साधारण दोन तास मावतो. सीडी ७०० एमबीची, तिच्यावर जेमतेम ८० मिनिटं.

आता उलटा प्रवास करायचा आहे. डीव्हीडीतलं अख्खं फोल्डर आधी जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घ्या. मग त्या प्रतीवरून 'हँडब्रेक'सारख्या मोफत सॉफ्टवेअरने एमपी-४ बनवा. मूळ प्रत पुसू नका, कारण प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा दर्जा जातोच. आणि माप वाढवलं म्हणून चित्र स्पष्ट होत नाही, फाइल मात्र फुगते.

काही जण म्हणतील, "सर, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना, झालं!" पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ दाबून लहान होतो, आणि मोबाईल बदलला की हरवतो. लहान मुलांचे व्हिडिओ पालकांना न विचारता यूट्यूबवर सर्वांसाठी खुले करणंही मला पटत नाही. म्हणून माझा आग्रह साधा आहे. एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी शाळेबाहेर, जबाबदार माणसाकडे. दरवर्षी जूनमध्ये त्या उघडून तपासायच्या. हे काम आठवी-नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून द्या. फाइल, फॉरमॅट, एमबी-जीबी हे सगळं ती हाताने शिकतील.

आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. एवढ्या मोठ्या चित्रपटाचं हे झालं, तर आपल्या गॅदरिंगची काळजी दुसरं कोण घेणार? आपल्या भागातली पावरी, डोंगऱ्या देवाची गाणी, सोंगं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज यातलं बरंच काही फक्त अशाच डिस्कवर असेल.

तो विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन गेला. रात्री त्याचा फोन आला, "सर, आईने चार वेळा लावायला सांगितलं."

तुमच्या शाळेच्या कपाटात किती डिस्क आहेत? येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर जरूर मोजा.