गुत्त्याचे घर आणि जक्कयचा हिशेब

गिरणाकाठच्या आमच्या गावात आमच्या राहत्या घराला लोक अजूनही ‘गुत्ता’च म्हणतात. दारूबंदीनंतर ओस पडलेली ती वास्तू आजोबांनी विकत घेतली, त्याला सत्तर वर्षे होत आली. अलीकडे डागडुजीचा विषय निघाला तेव्हा धर्मग्रामातील काही हितचिंतकांनी सुचवले, की दर्शनी ओटा आणि भिंतीतली खिडकी एकदाची पाडून टाका. ख्रिस्ती घराला ती खूण शोभत नाही. या सल्ल्यामागचा सद्भाव मी जाणतो. तरीही तो सल्ला चुकीचा आहे, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

प्रथम घराकडे पाहू. खानदेशातील कोणत्याही जुन्या धाब्याच्या घरासारखेच ते आहे. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. जळगाव-धुळ्याचे वैशाखातले ऊन या मातीनेच थोपवले. वेगळेपण आहे ते रस्त्याच्या बाजूला. इतर घरांचा ओटा येणाऱ्याला आत घेतो. हा ओटा गिऱ्हाइकाला बाहेरच उभे करतो. गजांची खिडकी छातीइतक्या उंचीवर आहे. तिच्यातून पैसे आत जात आणि माप बाहेर येई. आज आमचे स्वयंपाकघर असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत पिंपे असत. खिडकीपुढची फरशी उभ्या राहणाऱ्यांच्या पायांनी झिजून खोलगट झाली आहे. त्या पायांत माझ्या आजोबांचेही पाय होते. आजीच्या चांदीच्या पाटल्या याच खिडकीतून आत गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

आता शब्दाकडे पाहू. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. दारूविक्रीचा हक्क सरकार लिलावात विकी, आणि बोली जिंकणारा गुत्तेदार ती रक्कम गावाच्या घशातून वसूल करी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप व विक्री यांवरील सरकारची पकड अधिकच आवळली. तेव्हा पाप एकट्या पिणाऱ्याचे नव्हते. त्याच्या प्रत्येक घोटात सरकारी तिजोरीचा वाटा होता. हे ओळखले ते आदिवासींनी. पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची चळवळ १९२२ मध्ये डांग-सुरतेपर्यंत मद्यत्यागाचा संदेश घेऊन गेली. १९३७-३८ मध्ये तळोदे भागात गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली. १९४९ चा दारूबंदी कायदा त्यानंतरचा. तो सैल झाल्यावर, सत्तरच्या दशकात शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी स्वतः दारूची मडकी फोडली. यांतली एकही चळवळ आपल्या प्रवचनपीठावरून निघाली नाही, हे आपण नम्रपणे मान्य करावे.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवावा. जकात हाही एक मक्ताच होता, आणि जक्कय त्यातला मुख्य गुत्तेदार. प्रभू येशू त्याच्याकडे पाहुणा म्हणून उतरला. त्याने घराचा एक दगडही हलवायला सांगितले नाही. बदलला तो हिशेब. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड, हे जक्कयने स्वतः उभे राहून सांगितले. आपण नेमके उलट करतो. भिंतीला गिलावा करतो, पवित्र पाणी शिंपडतो आणि हिशेब मात्र बंदच ठेवतो. ओटा पाडा म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या मांडवात लग्नाच्या आदल्या रात्री काय वाटले जाते, हे मी लिहायला हवे काय?

मुलांवर वाईट संस्कार होतील, अशीही शंका काढली जाते. माझा अनुभव उलट आहे. त्या खोलगट फरशीवर बसवून आजीच्या पाटल्यांची गोष्ट सांगितली, की मुलांना वेगळे प्रवचन लागत नाही. खूण पुसली तर ती गोष्टही पुसली जाईल, आणि उद्या गावात नवा परवाना येईल तेव्हा त्याला विरोध कशासाठी करायचा हे कोणालाच आठवणार नाही.

म्हणून ओटा राहील, खिडकीही राहील. फुटलेले धाबे तेवढे आम्ही दुरुस्त करू. हितचिंतकांना माझी एकच विनंती आहे. घर पाडण्याचा सल्ला देण्याऐवजी त्यांनी पुढच्या सणाच्या खर्चाची वही धर्मग्रामासमोर उघडावी, आणि त्यात दारूवर किती गेले ते मोठ्याने वाचावे.