फोन लागला नाही, म्हणजे नेमके काय झाले?

अम्मी कोंढव्यात, मुलगा दुबईत. तीनदा लावूनही फोन लागला नाही, की घरात काळजी सुरू होते. नाहीतर ‘मुद्दाम उचलत नाही’ अशी बदगुमानी. दोन्हींच्या आधी फोन काय सांगतो आहे, ते समजून घ्यायला हवे.

इंटरनेटवरून कॉल जोडण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे, एसआयपी. तिचे मूळ नियम आजच्या रूपात जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारतात इंटरनेट टेलिफोनी खुली झाली होती. आज हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधले टेबलावरचे फोन, घरातल्या फायबरच्या डब्याला जोडलेला फोन आणि मोबाइलचा व्होल्टी कॉल यांत हीच पद्धत वापरतात. कॉल जोडताना यंत्रे एकमेकांना तीन आकडी उत्तरे देतात. मोबाइलवर ती दिसत नाहीत. ऑफिसच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवरच्या कॉलिंग अॅपमध्ये बऱ्याचदा दिसतात.

पहिला आकडा पाहिला तरी निम्मे काम होते. १ म्हणजे काम चालू आहे: १०० म्हणजे प्रयत्न सुरू, १८० म्हणजे तिकडे घंटी वाजते आहे. २०० म्हणजे कॉल जुळला. ३ ने सुरू होणारे उत्तर दुसऱ्या पत्त्यावर पाठवते. ५ म्हणजे मधल्या सर्व्हरची अडचण. ५०३ आला तर थोडे थांबून पुन्हा लावावे. ६ म्हणजे त्या माणसाच्या कोणत्याच फोनवर आता कॉल घेतला जाणार नाही.

जास्त गोंधळ ४ च्या घरात आहे. ४०४ म्हणजे असा नंबर तिथे सापडला नाही. देशाचा कोड किंवा सुरुवातीचे शून्य तपासा. ४०१ आणि ४०७ म्हणजे ‘आधी ओळख पटवा’; एकदा येणे नेहमीचेच, पण पुन्हा पुन्हा आले तर पासवर्ड चुकला असावा. ४०८ म्हणजे वेळेत उत्तरच आले नाही. ४८० म्हणजे तो माणूस सध्या फोनवर मिळत नाही. फोन बंद असेल, नेट गेले असेल. ४८६ म्हणजे फोन व्यस्त. ४८७ दिसला की लोक समोरच्याला दोष देतात. पण त्याचा साधा अर्थ, उचलण्याआधीच लावणाऱ्याच्या बाजूने कॉल रद्द झाला.

६०३ म्हणजे कॉल नाकारला. पण काही फोन लाल बटण दाबल्यावरही ४८६ पाठवतात, आणि ‘व्यत्यय नको’ लावून ठेवले असेल तर फोन माणसाला न विचारता स्वतःच उत्तर देतो. म्हणून आकड्यावरून कॉल कुठे अडला ते कळते, कुणाची नियत कळत नाही.

कधी २०० येतो, कॉल जुळतो, पण आवाज एकाच बाजूने येतो. कारण आवाजाचा रस्ता वेगळा असतो. अशा वेळी नंबर बरोबरच असतो. वायफाय किंवा राउटर तपासावा.

व्हॉट्सअॅपची पद्धत स्वतःची आहे, तिथे हे आकडे दिसत नाहीत. तरी ‘कॉलिंग’ दिसत राहिले, तर समोरच्या फोनपर्यंत कॉल पोहोचलेलाच नाही; ‘रिंगिंग’ दिसले, तर पोहोचला. शिवाय अमिरातीत व्हॉट्सअॅप कॉलवर निर्बंध आहेत. तिथे परवानगी असलेल्या अॅपवरूनच बोलावे लागते. म्हणजे मुलाने ‘लागत नाही’ म्हटले, तर ते बहाणा समजू नये.

घरात एवढे करून ठेवावे: बोलण्याची वेळ ठरवा. फोन लागला नाही तर आधी एक मेसेज टाका. परदेशातल्या माणसाच्या रूममेटचा किंवा शेजाऱ्याचा नंबर वहीत लिहून ठेवा. आणि तक्रार करताना ‘फोन लागत नाही’ एवढेच न सांगता आकडा, तारीख आणि वेळ सांगा. दुरुस्ती करणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते कळते.