सात सेकंदांचा तारा आणि एका घोषणेची घाई

१/ दिनांक १० एप्रिल २००२ रोजी नासाने एक निवेदन प्रसिद्ध केले. 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीला पदार्थाच्या एका नव्या अवस्थेचा पुरावा मिळाला असून, न्यूट्रॉन तारा मानला गेलेला एक तारा वस्तुतः क्वार्कांचा गोळा असू शकतो, असा त्याचा आशय होता. अशा बातमीतून 'असू शकतो' हे दोन शब्द वाटेतच गळून पडतात, हा नित्याचा अनुभव.

२/ तारा होता आरएक्स जे १८५६.५-३७५४, दक्षिण मुकुट तारकासमूहातला. जर्मन पुढाकाराने उभारलेल्या 'रोसॅट' उपग्रहाच्या नोंदींतून वॉल्टर, वोल्क आणि नॉयहॉयझर यांनी १९९६ साली तो जगापुढे आणला. पुढल्याच वर्षी हबल दुर्बिणीने त्याचा अतिमंद दृश्य प्रकाशही टिपला. त्याला जोडीदार नाही, भोवती स्फोटाचे अवशेष नाहीत, रेडिओ स्पंदने नाहीत. हे एकाकीपणच त्याचे मोल. जोडीदाराकडून ओढलेल्या वायूची झगमग नसल्यामुळे येथे केवळ पृष्ठभागाची ऊब दिसते, आणि त्या उबेवरून ताऱ्याचे आकारमान काढता येते.

३/ गणित तत्त्वतः सोपे आहे. तापमान वर्णपटावरून कळते. तेजस्विता आणि अंतर ठाऊक असले की त्रिज्या निघते. 'चंद्रा'ने सुमारे ५ लाख सेकंद हा तारा न्याहाळला. वर्णपट आश्चर्यकारक रीतीने गुळगुळीत निघाला, तापमान सुमारे ७ लाख अंश. त्रिज्या आली साधारण ४ ते ८ किलोमीटर. न्यूट्रॉन ताऱ्याला ती १० ते १२ च्या आसपास हवी. म्हणून क्वार्क!

४/ अंतराविषयी तेव्हा वाद होताच. हबलच्या पहिल्या मोजणीत ते २०० प्रकाशवर्षे भरले होते, सुधारित मोजणीत जवळपास दुप्पट. परंतु क्वार्क-ताऱ्याचे गणित मोठ्या अंतरावरच बेतलेले होते, तेव्हा दोष तेथे नव्हता. दोष एका गृहीतकात होता: संपूर्ण पृष्ठभाग सारखाच तप्त आहे. स्पंदन आढळत नाही, त्याअर्थी तप्त डाग नाही, अशी ती विचारसरणी. वास्तविक हबलला दिसलेला प्रकाश क्ष-किरणांवरून अपेक्षित प्रकाशाच्या कित्येक पट होता. क्ष-किरण तप्त भागातून आणि दृश्य प्रकाश उर्वरित, तुलनेने थंड पृष्ठभागातून येत असेल, तर दोन्ही गोष्टी जुळतात आणि तारा साधा न्यूट्रॉन ताराच ठरतो. हा पर्याय त्याच काळी अभ्यासकांनी मांडला होता. निवेदनाच्या मथळ्यात त्याला जागा नव्हती.

५/ २००७ साली तिएन्गो आणि मेरेगेत्ती यांनी युरोपच्या 'एक्सएमएम-न्यूटन' दुर्बिणीच्या नोंदींत स्पंदन शोधले: दर ७ सेकंदांनी एक, चढउतार जेमतेम १ टक्क्याचा. 'चंद्रा'च्या नोंदींत न सापडलेली ही थरथर अधिक क्ष-किरण गोळा करणाऱ्या आरशांनी पकडली. तारा फिरत होता, त्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा नव्हता, आणि २००२ च्या युक्तिवादाचा मुख्य आधार निखळला.

६/ शंका उपस्थित करणाऱ्या संशोधकांना येथे बोल लावता येत नाही; त्यांनी वर्णपट प्रामाणिकपणे मांडला. घाई झाली ती शंकेला शोधाचा पोशाख चढवण्यात. या घाईमागचे नेमके कारण सांगता येत नाही; पण अवकाश-दुर्बिणींना आपल्या खर्चाचे समर्थन करावे लागते, आणि कदाचित '७ सेकंदांचे मंद स्पंदन' यापेक्षा 'नवा पदार्थ' हे शब्द अर्थसंकल्पाच्या मेजावर अधिक वजनदार ठरतात.

७/ त्या वजनाचाही फारसा उपयोग होत नाही, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. 'चंद्रा'ची वार्षिक तरतूद सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरवरून ४ कोटी ११ लाखांवर आणण्याचा प्रस्ताव तेव्हा पुढे आला. अशा कपातीत एकाच ताऱ्यावर लाखो सेकंद रोखलेली निरीक्षणेही धोक्यात येऊ शकतात. मात्र या ताऱ्याचा निकाल लागला तो नेमका अशाच दीर्घ, नीरस भासणाऱ्या निरीक्षणांतून. रोसॅटने शोधलेले याच जातीचे सात तारे ज्ञात आहेत, आणि त्यांतल्या एकाचा उलगडा होण्यास ११ वर्षे आणि चार दुर्बिणी लागल्या.