दूरचे ऊर आणि दारची गोंडी

प्राचीनतेचा मोह मोठा विलक्षण असतो. तमिळ आणि सुमेरी यांचे नाते काय, हा वाद गेली कित्येक दशके अधूनमधून उफाळत आला आहे. श्रीलंकेतील तमिळ अभ्यासक अ. सदाशिवम् यांनी तर १९६५ साली सुमेरी ही द्राविडी भाषाच होय, असा सिद्धान्त मांडला. आमचे मराठी बांधवही या वादात हिरिरीने उतरतात. तमिळमध्ये गावाला ‘ऊर्’, सुमेरीत नगराला ‘उरु’; मग आणखी पुरावा तो कोणता हवा?

आमचे म्हणणे असे की, हा पुरावाच नव्हे. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळजवळ एक. तरी हे शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. प्रत्ययांस प्रत्यय जोडण्याची रीत सुमेरी व तमिळ या दोहोंत आहे खरी, पण ती तुर्कीतही आहे. सुमेरीची सोयरीक कोणत्याही भाषेशी निर्विवादपणे ठरलेली नाही.

भाषांचे नाते तुरळक साम्याने नव्हे, तर नियमित भेदाने सिद्ध होते. तमिळमध्ये पाच म्हणजे ‘ऐन्दु’, सहा म्हणजे ‘आऱु’, मीठ म्हणजे ‘उप्पु’. गोंडीत हेच शब्द ‘सैयुंग’, ‘सारुंग’ आणि ‘सोवर’ असे आहेत. मूळ द्राविडी भाषेतील आरंभीचा ‘च’ तमिळने या शब्दांत गमावला आणि गोंडीने तो ‘स’च्या रूपाने राखला. याला म्हणतात पुरावा! आणि तो शोधण्यासाठी इराकच्या वाळवंटात जावे लागत नाही. कॉल्डवेलने १८५६ सालीच आपल्या व्याकरणात गोंडीला द्राविडी कुळात स्थान दिले होते. विटीदांडूच्या खेळात ज्यांनी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे आकडे घोकले, त्या आम्हां मराठी माणसांना तरी हे कुळ परके वाटू नये.

जबलपुरात मदनमहाल गोंड राजांचा, विद्यापीठाला नाव राणी दुर्गावतीचे. येथून जवळच्या मंडला, शिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांत गोंडी अद्याप बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तरी आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत तिला जागा नाही. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु जी भाषा दोन हजार वर्षांच्या वयाचा मान मागते, तिच्या लेकरांनी शेजारच्या जिवंत भाषेचे दहा शब्दही जाणू नयेत, हे आम्हांला शोभत नाही.

कोणी म्हणेल, गोंड लोकांना हिंदी येतेच. बाजारहाटापुरती हिंदी निराळी आणि जमिनीच्या तंट्यातील जबानी निराळी. तेथे एक शब्द चुकला तर शेत जाते.

सुमेरकडेच पाहावयाचे असेल, तर एका वस्तूकडे अवश्य पाहावे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, अक्कडच्या काळातील एका मुद्रेवर शू-इलिशू नामक गृहस्थाचा हुद्दा कोरलेला आहे: मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे तेथील लोकांची बोली मेसोपोटेमियात दुभाष्यावाचून उमगत नव्हती. आणि ती उमगावी यासाठी त्या राज्याने माणूस ठेविला होता!

बदलीवर या मुलखात आलेल्या आमच्या अधिकारी मित्रांस आम्ही एवढेच विचारतो: आपल्या कचेरीत गोंडी जाणणारा एक तरी माणूस आहे काय? नसेल, तर ऊर नगरीची चर्चा काही काळ बाजूस ठेवावी आणि निदान ‘सैयुंग, सारुंग’पासून आरंभ करावा.