दुरुस्तीवाला कोणाचा?

'विंडोज १०' या संगणक-प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली; मर्यादित काळाची मुदतवाढ तेवढी देऊ केली. नवी आवृत्ती जुन्या यंत्रांपैकी कित्येकांवर अधिकृतपणे चढत नाही. चिंचपोकळीतील चाळींच्या सोसायट्या, पतपेढ्या, वाचनालये यांची यंत्रे बहुधा आठ-दहा वर्षांची. ती धडधाकट असूनही भंगारात काढावी लागणार, आणि हा हुकूम कोणत्याही विधिमंडळाने काढलेला नाही.

आपल्यापाशी पर्याय नाही असे नव्हे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' ही मुक्त कार्यप्रणाली २००७ सालीच आणली. जगभरच्या स्वयंसेवकांनी रचलेल्या डेबियनवर ती उभी आहे आणि मराठीसह भारतीय भाषांत चालते. अशा प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीचा विचार निघाला की नव्या सोयींची यादी सुरू होते: बोललेले मराठी लिहून घ्यावे, पडदा अधिक देखणा असावा. या सोयी हव्यातच. पण आमच्या मते यादीत पहिले स्थान देखभालीचे आहे.

१९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरविणारे साथी जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली उद्योगमंत्री झाले. भांडवलातील हिस्सा कमी करण्यापेक्षा आयबीएमने १९७८ साली देश सोडणे पसंत केले. कोका-कोलाच्या गमनाची चर्चा आजही होते, आयबीएमची क्वचितच. वस्तुतः धडा तिथे होता. तिची यंत्रे येथेच राहिली, आणि त्यांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक कंपनीने अंगावर घेतली, म्हणून ती चालत राहिली. ती सीएमसी २००१ साली टाटांना विकण्यात आली. विकणाऱ्या सरकारात आमचेच जुने साथी सामील होते, हे दुःखाने नोंदविले पाहिजे.

मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समज भाबडा आहे. 'एक्सझेड' हे फाइली आकुंचित करणारे छोटे साधन असंख्य मुक्त प्रणालींत वापरले जाते. त्याचा सांभाळ जवळजवळ एकच माणूस, विनावेतन, करीत होता. तो थकला. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने दोनेक वर्षे विश्वास संपादन करून त्यात चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जोडणीस अर्धा सेकंद उशीर होतो हे खटकले, आणि बिंग फुटले. (हे गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होते, हेही प्रामाणिकपणे सांगू.) साधनाचे लेखन उघडे होते म्हणून चोरीचा माग काढता आला, सांभाळणाऱ्याच्या श्रमाला मोल नव्हते म्हणून चोर आत आला. फिटरवाचून साचा चालत नाही, हे गिरणगावाला नव्याने सांगावयास नको.

उलट बाजूही पाहावी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण देऊन मायक्रोसॉफ्टने मुंबईतील नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेलसारखी सेवा अचानक तोडली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. नायरा धनको आहे, रशियन भांडवल तिच्या पाठीशी आहे. चाळीतील पतपेढी कोणत्या न्यायालयात जाणार?

म्हणून 'बॉस'साठी कायम, पगारी सुरक्षा-पथक हवे. ठेक्यावरचे नको, आणि स्वयंसेवकांच्या सद्भावनेवर सोडलेलेही नको. प्रत्येक आवृत्तीची दुरुस्ती किती वर्षे मिळेल ते आधी जाहीर व्हावे, व जुनी यंत्रे वगळू नयेत. डेबियनमध्ये दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते आणि बहुतेक वाद चारचौघांत चालतात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या सी-डॅकला एवढे अवघड वाटू नये. खर्चाचा बाऊ करणाऱ्यांनी परवान्यांपोटी सरकारी कचेऱ्या दरवर्षी किती रक्कम मोजतात, हे आधी सभागृहात मांडावे.

दरम्यान पक्षशाखांनी आपापल्या विभागातील संस्थांत केवळ या एका कारणाने टाकाऊ ठरलेल्या संगणकांची मोजदाद करून आकडे मध्यवर्ती कार्यालयाकडे धाडावेत. चिंचपोकळी-लालबागपासून सुरुवात करता येईल.